चटईखालचा ब्रेक

बोलतोय तो मी, डाव्या बाजूचा ब्रेक. दचकू नका, तुमच्या गाडीत मी नसतो. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या पायापाशी माझी जागा. शिकणारा गडबडला की शिकवणारा मला दाबतो आणि गाडी आवरते. एवढंच माझं काम, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट शिकणारा आत बसला की आधी मलाच शोधतो. मी दिसलो की त्याच्या जिवात जीव येतो.

तसा मी साधा. लोखंडाचा, वर रबराची टोपी. एका दांड्याने मला चालवणाऱ्याच्या ब्रेकशी जोडलेलं आहे. मी खाली गेलो की तो जातो, तो खाली गेला की मी. त्यामुळे पलीकडचा पाय कसा आहे ते मला बसल्या जागी कळतं. भित्रा पाय, उद्धट पाय, नुसता दाखवायला आलेला पाय, सगळे मी ओळखतो.

माझा मालक वेगात गाडी चालवायला शिकवायचा. गाडी भरधाव असताना ब्रेक कुठे लावायचा, वळण कसं घ्यायचं, मागची चाकं घसरली तर काय करायचं. त्यासाठी गावाबाहेर त्याचा ट्रॅक होता. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर यायचे, हौशी मंडळी यायची. ट्रॅकचं शेवटचं वळण आत आत वळत जायचं, म्हणून सगळे त्याला कोयता म्हणायचे. भल्याभल्यांची तिथे तंतरायची.

एके दिवशी मालकाची थोरली बहीण आली. साठीला टेकलेली, शिवणकाम करून घर चालवलेली बाई. आई लवकर गेल्यामुळे हिनेच मालकाला लहानाचं मोठं केलेलं. पूर्वी ती गाडी चालवायची. मग एकदा ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि खांबावर जाऊन आदळली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"छोट्या, मला शिकव," ती म्हणाली. छोट्याचं टक्कल उन्हात चमकत होतं, पण तिच्या लेखी तो छोट्याच.

"अगं ताई, गाडी येते की तुला. आणि हे माझं काम म्हणजे..."

"गाडी येते रे. घसरली की काय करायचं ते येत नाही. तेवढं आलं की माझी भीती जाईल. नाहीतर ही भीती उराशी घेऊनच मरायची मी."

झालं, शिकवणी सुरू झाली. डोक्यावर हेल्मेट, अंगाला करकचून पट्टे. प्रत्येक वळणाआधी ती तिरक्या नजरेने माझ्याकडे बघायची. मी आहे ना, मालकाचा पाय माझ्यावर आहे ना, याची खात्री करायची. वळणात शिरलं की घाबरून ब्रेकवरचा पाय काढून घ्यायची. शेवटी तिचं तिलाच कळलं.

"हा ब्रेक आहे तोवर मी तुझ्याच भरवशावर चालवणार," ती म्हणाली. "काढून टाक तो. मग मला मरू दे नाहीतर जगू दे."

"काढतो," मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक ब्रेक तिच्या तळहातावर ठेवला. "हा घे, काढला. आता गाडीत ब्रेक एकच, तुझा."

अहो, तो मी नव्हतो! भंगारात काढलेल्या दुसऱ्या गाडीतला होता तो. मी होतो तिथेच होतो. मी वर डोकावू नये म्हणून माझी दांडी त्याने आखूड केली, वर जाड काळी चटई अंथरली आणि चटईवर स्वतःची पिशवी ठेवली. हेल्मेट आणि पट्ट्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं. उजळ माथ्याने काम करणारा मी, मला एका दिवसात चोर करून टाकलं. माझं मत कोण विचारतो?

तिने तो खोटा ब्रेक घरी नेला आणि शिवणयंत्राशेजारी कापडावर वजन म्हणून ठेवला. ब्लाउज शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तो दाखवायची, हे ती गाडीत बसून कौतुकाने सांगायची. मालक तेव्हा खिडकीबाहेर बघायचा.

पण गंमत बघा, तिचा पाय खरंच सुधारत होता. मालकाने सांगितलं, ब्रेक आधी जोरात लाव, मग स्टिअरिंग वळेल तसतसा पाय हळूहळू सोड. ती एकदम म्हणाली, "अरे, म्हणजे कॉलरचा कोपरा शिवताना यंत्रावरचा पाय सोडते तस्संच की!" त्यानंतर दांड्यातून मला निराळाच पाय कळायला लागला. मोजका, ठाम पाय.

तरी सुरुवातीला मालक चटईवरून मला दाबायचाच. हलकेच, तिच्या पायाच्या जोडीने.

"आज ब्रेक हलका लागतोय रे," ती म्हणायची.

"तापला की होतो तसा," मालक म्हणायचा. ती विश्वास ठेवायची. ज्याचं नाक पुसलं तो आपल्याला बनवेल, असं कुणाच्या मनात येईल?

मग तो दिवस आला. मालकाने टँकरने कोयत्यावर पाणी मारलं. ताईने गाडी वळणात घातली आणि मागची चाकं सुटली. गाडी आडवी व्हायला लागली. मी वाट बघत होतो, आता मालक दाबेल. दाबला असता तर गाडी गरगर फिरलीच असती. पण मालकाची पाचावर धारण बसली होती. त्याने दोन्ही पाय पोटाशी घेतले होते. माझ्यावर नुसती चटई होती. आणि दांड्यातून मला कळलं, तिचा पाय न थरथरता, अगदी बेताने वर येतोय. गाडी झुलली, अडखळली आणि सरळ झाली.

ती आधी हसली, मग रडली. "छोट्या, बघितलंस? मी सावरली! मी!"

"हो ताई, तूच," तो घाम पुसत म्हणाला. खरं सांगतो, त्याचं ते बोलणं शंभर नंबरी खरं होतं.

मग तिने एकटीने फेरी मारायचं ठरलं. बघायला मालकाची बायको आली होती. उभ्या गाडीत ताईने तिला हौसेने शेजारी बसवलं. वहिनीने पायाशी असलेली मालकाची पिशवी उचलून मागे टाकली. "बघ, ब्रेक असा लावायचा," म्हणत ताईने पाय दाबला.

"अगोबाई! वन्सं, माझ्या पायाखालचं काहीतरी खचलं हो!"

वहिनीने चटई उचलली आणि तिथे मी होतो. ताईने पुन्हा पाय दाबला. मी खाली गेलो. तिने पाय सोडला. मी वर आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक धावत आला. "ताई, तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो गं?"

"मग तोंडावर सांगायचं होतंस, नाही काढत म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि कोयत्यावर? पाणी मारलं होतंस त्या दिवशी? तूच दाबलास ना?"

"नाही गं. आईशप्पथ नाही. पाय वर घेतले होते मी. घाबरलो होतो. गाडी तूच सावरलीस."

"छोट्या, तो दुसराच ब्रेक माझ्या हातात ठेवलास ना, तेव्हाही तू अगदी असाच माझ्या डोळ्यांत बघत होतास."

तिने पाना मागितला, त्याने लगेच आणून दिला. तिने स्वतः खाली वाकून मला सोडवलं, कामाच्या टेबलावर ठेवलं आणि एकटी निघाली. मी नुसता कान लावून होतो. कोयता आला, चाकं किंचित कुरकुरली आणि गाडी सफाईने बाहेर पडली.

"वन्सं, जमलं की हो!" वहिनी म्हणाली.

"आज जमलं." ताईने हेल्मेट काढलं. "आजच्या आधीचं माझं किती आणि याचं किती, ते आता कोण सांगणार?"

त्यानंतर ती ट्रॅकवर आली नाही. गाडी चालवते म्हणे, पावसातसुद्धा चालवते. पण शेजारच्या जागेवर भावाला बसवत नाही. तो खोटा ब्रेक तिने वहिनीच्या हाती परत पाठवला. आता तो आणि मी नटबोल्टच्या एकाच डब्यात पडलो आहोत. मालक डबा उघडतो, लागेल तो बोल्ट घेतो आणि आमच्याकडे न बघता झाकण लावतो.

माझा राग त्याच्यावर आहेच. मला चटईखाली दडवलं म्हणून आहे, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. तिच्या आयुष्यातला सगळ्यात धीराचा क्षण तिचा स्वतःचा होता आणि तो आता तिला स्वतःचा वाटत नाही. तो क्षण कुणाचा होता, हे मालकाला ठाऊक आहे, पण त्याचं तिला पटत नाही; मलाही ठाऊक आहे, पण मला वाचा नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. कधी कपडे शिवायला तिच्याकडे गेलात, तर तिला एवढं सांगा, की ओल्या कोयत्यावर डाव्या ब्रेकला कुणाचाही पाय लागला नव्हता. हे कुणी सांगितलं, असं ती विचारेल. तेव्हा माझं नाव मात्र घेऊ नका. तिचा विश्वास बसणार नाही.