दुसरी घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी लोटन कुंभार दारोदार नव्या घागरी ठेवून जायचा. ज्या घरातली जितकी माणसं गेलेली, त्यांना पाणी द्यायला तितक्या घागरी. त्याला कुणाला विचारावं लागत नसे. गावातलं कोण कधी गेलं हे त्याला तोंडपाठ होतं. झुंबरबाईच्या ओट्यावर तो दरसाल एकच ठेवी, तिच्या नवऱ्याच्या, रुपचंदच्या नावाची. या साली त्यानं दोन ठेवल्या आणि मान खाली घालून चालता झाला.

दुसरी कुणाची, हे सांगायला नको होतं. झुंबरबाईचा एकुलता एक वना लढाईच्या मजुरांत भरती होऊन बसऱ्याला गेला, त्याला चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं कागद आले, मग बंद झाले. मेल्याचाही कागद नाही. लढाई संपली, धरणगावकडची माणसं परत आली, हा काही आला नाही. भाऊबंदांतले कौतिकनाना महिनाभर मागे लागले होते की आता घागर भरा, पोरगा तिकडे तहानलेला फिरत असेल. मोठा कळवळा त्यांना! घागर पुजली की त्याच दिवशी सुनेचं, मंजुळेचं कुंकू पुसायचं, एवढं मात्र नाना बोलत नसत.

रात्रभर झुंबरबाईचा डोळा लागला नाही. आखाजीची घागर रिकामी परत देत नाहीत. फोडावी, तर मडकं फुटतं ते मसणात. शेवटी तिनं ठरवलं, दुसरी घागर तळ्याकाठी वडाखाली ठेवून यायची आणि लोटन चुकला म्हणून सांगायचं. उद्या नाना काय बोलायचं ते बोलोत.

सकाळी दोघी एकेक घागर घेऊन निघाल्या. गावात विहिरी होत्या, पण आखाजीचं पाणी तळ्याचंच, कारण गावातल्या सगळ्यांची राख तिथंच गेलेली. गावाबाहेर निंबाला झोके बांधले होते आणि माहेरी आलेल्या पोरी त्यावर गात होत्या. मंजुळेला पाहून त्यांचं गाणं जरा खाली आलं. बातमी कधीच पोहोचली होती.

पुढं कापसाची रानं उघडी पडली होती, काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा. वाट सोपी, चढ ना उतार. याच वाटेनं वना लहानपणी म्हशी घेऊन जायचा आणि तळं दिसलं की म्हशींच्या आधी स्वतः पाण्यात उडी घ्यायचा. झुंबरबाईला ते आठवलं. मंजुळा मागून चालत होती.

तळं उन्हाळ्यातही देखणं होतं. पाणी आटून मधोमध गेलेलं, पण निळं, आणि काठानं पांढरे बगळे उभे. झुंबरबाईनं नवऱ्याची घागर बुडवून भरली. मग वडाकडे बोट दाखवून सुनेला सांगितलं की तुझ्याजवळची तिकडे ठेव, आपण ती आणलीच नाही असं समजू.

मंजुळा वडाकडे गेली नाही. ती गुडघाभर पाण्यात उतरली.

"दोन उन्हाया व्हयनात, आत्या," ती म्हणाली. "त्यासले कोनी पानी दिन्हं नही. जित्ता व्हतीन ते मन्हावर रागे भरतीन, भरू द्या. नही व्हतीन ते तान्हेल ऱ्हातीन."

आणि तिनं घागर भरली. बुडबुड आवाज थांबेपर्यंत झुंबरबाई नुसती बघत राहिली. आई असून आपल्याला हे सुचलं नाही, याची तिला लाज वाटली. आणि पोर एवढं करून बसली म्हणून तिचा रागही आला. सुनेच्या डोक्यावर घागर चढवताना मात्र तिनं हात लावला.

परतीची वाट तीच, पण झुंबरबाई आता प्रत्येक झाडाखाली बसू लागली. दहा वर्षांत सुनेला वाटेत टेकू न देणारी बाई, आज निंब आला की बस, बोर आली की बस. घरी जाऊन घागरीवर खरबूज ठेवून पूजा होईपर्यंत वना जिवंत होता. दोघींनाही ते कळत होतं, म्हणून कुणी घाई केली नाही.

झोके पुन्हा दिसू लागले तेव्हा झुंबरबाईनं मागं वळून पाहिलं. नवी घागर पाझरत होती. पाणी मंजुळेच्या कपाळावरून ओघळत होतं आणि कुंकू नाकापर्यंत वाहून आलं होतं. दोन्ही हात घागरीला, म्हणून तिनं पुसलंही नव्हतं.

झुंबरबाईनं आपली घागर खाली ठेवली. पदरानं सुनेचं नाक, गाल टिपले, आणि उरलेलं कुंकू अंगठ्यानं सावकाश गोळा करून पुन्हा कपाळावर गोल केलं.

"घर येत नही तवलोंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.