दहाला उडालं, एकला उतरलं

"बाबा, एक वाजता जेवायचं. नक्की?" विमानतळाच्या दारात लेकीने तिसऱ्यांदा विचारलं.

"जेवतो गं बाई. पण एकचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं?"

ते खूळ घरातलंच होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. लेक परदेशी निघाली की ती पोचेपर्यंत त्याची बायको अन्नाला शिवत नसे. पहिल्या खेपेला त्याने साडेबारा हजार किलोमीटर, चौदा तास, असं खरं ते सांगून टाकलं आणि संध्याकाळी ती भोवळ येऊन पडली. पुढच्या खेपेला तिने तिकीट पाहिलं. सुटणार दहाला, उतरणार एकला.

"अगंबाई, तीनच तास?"

तिकडची घड्याळं मागे असतात, हे त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण लिफ्टमध्ये अडकलेल्याला खरा वेळ सांगायचा नसतो, 'दोनच मिनिटं' म्हणायचं आणि पाना शोधायला लागायचं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"विमान नवीन आहे," त्याने ठोकून दिलं.

तेव्हापासून एक वाजला की तो म्हणे, "पोचली गं," आणि दोघं पानावर बसत. "जाताना कशी भुर्रकन जाते, येताना मात्र दिवस खाते," ती कुरकुरे. भोळी आहे बिचारी, असं वाटून तो मनात हसे.

"एकचं आईनेच बजावलंय," लेक म्हणाली. "दवाखान्यात असताना. म्हणाली, चौदा तास मला ठाऊक आहेत गं. पण मी जेवल्याशिवाय तुझे बाबा घास घेत नाहीत, आणि त्यांना भूक सोसत नाही. एवढं जीव तोडून खोटं बोलतात, म्हटलं बोलू दे."

तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. लेक डोळे पुसत आत गेली.

घरी येईतो दहा वाजले. उडालं असेल. त्याचा पाय एका जागी ठरेना. न गळणारा नळ त्याने आवळला. दाराच्या बिजागरीला तेल घातलं. उगाच जिना उतरून खाली गेला, वर आला, घड्याळ बघितलं. बायको जाऊन महिनाही झाला नव्हता आणि आजवर लेक सोबत होती. आता घर खायला उठलं होतं. आपण बायकोला फसवत होतो की ती आपल्याला, याचा हिशेब काही केल्या लागेना. राग यावा तर रडूच येत होतं.

एक वाजला. लेकीने करून ठेवलेलं त्याने ताटात वाढून घेतलं. पण हात पुढे होईना. खोटं बोलणारा जागेवर होता, ते खरं मानून घेणारी नव्हती.

"पोचली गं," समोरच्या रिकाम्या खुर्चीला तो मोठ्याने म्हणाला.

मग जेवायला बसला. लेक अजून कुठल्या तरी समुद्रावर असेल. आणि त्याला भूक लागली होती, लाज वाटावी इतकी.