न पाहिलेलं पान

टेबलावर ताईने पालथा ठेवलेला कागद तिच्या धाकट्या भावाने उलटला, त्यावरून एकदाच नजर फिरवली आणि तो उभा राहिला. ऑडिशनला कागद असाच आयत्या वेळी हातात पडतो. खाली बघायचं, एक वाक्य डोळ्यांनी उचलायचं, मान वर करायची आणि समोरच्याकडे बघून ते बोलायचं. हे मान वर करणंच त्याला जमत नव्हतं. चाळिशी उलटली तरी त्याचे डोळे कागद सोडत नव्हते.

सरावाला न वाचलेलं असं घरात काही उरलं नव्हतं. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक त्याने मृत्युशय्येवरच्या बापाच्या आवाजात वाचलं होतं, खोकल्याच्या औषधावरचा मजकूर प्रेमपत्रासारखा. तेव्हा ताईची हसून हसून पुरेवाट झाली होती. आता दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून आल्यावर ती समोर बसे आणि दुसऱ्या पात्राची वाक्यं कशीबशी उरकून टाकी. आजचा प्रवेश तिने शेजारच्या नाट्यशिक्षिकेकडून मागून आणला होता. घर सोडून निघालेला भाऊ आणि त्याला अडवणारी बहीण. सोमवारी सकाळी ऑडिशन होती. कितवी, ते मोजणं दोघांनीही कधीच सोडलं होतं.

"जरा जीव ओतून वाच की," तो म्हणाला. "पण राहू दे, तिथला वाचणाराही तुझ्यासारखाच मख्ख असतो."

"मग बरंच आहे. सवय राहील तुला."

त्याने सुरुवात केली. मान खालीच. ताईने हातातल्या दुसऱ्या प्रतीवरून तिची दोन वाक्यं वाचली, त्याने त्याची. तिसऱ्या वाक्यावर तिने बोट ठेवलं, पण ते वाचलं नाही.

"मालकांकडे तुझ्यासाठी शब्द टाकलाय मी. काउंटरवर माणूस हवाय, सोमवारपासूनच. ऑडिशन सोडावी लागेल. मला एकटीला आता नाही झेपत रे."

आवाज तोच, सपाट. आठवडाभर हे सांगायचं ती टाळत होती. तो चिडेल, कागद भिरकावेल, दार आपटून निघून जाईल, या सगळ्याची तिने मनाशी तयारी केली होती.

त्याने खाली पाहिलं. मग मान वर केली आणि थेट तिच्या डोळ्यांत बघत, कुठेही न अडखळता म्हणाला,

"किती वाजता यायचं?"

इतकं खरं त्याला आजवर कधी बोलता आलं नव्हतं. ताईने घाईघाईने आपल्या प्रतीवर पाहिलं. तिथे भावाचं वाक्य छापलेलं होतं : 'नाही. मला अजून एकदा जाऊन बघू दे.'

ते त्याने म्हणायला हवं होतं, असं तिला फार वाटलं. मनापासून नाही, तर निदान कागदावर आहे म्हणून तरी. तो कागदाची घडी घालत होता.

"दुकान नऊला उघडतं," ती म्हणाली.