हारुनभाई जेवले

येसूबाईंच्या हातातलं ताट हारुनभाईंनी घेतलं आणि माझं काम झालं.

ताटात भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण होतं. बोट मिरकरवाड्याच्या जेटीला दोन दोरांनी बांधलेली. जेटीवर मंडप, मंडपात आमच्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन आणि मुंबईहून आलेले एक साहेब, आणि बोटीच्या केबिनमध्ये झेंडूचा हार घातलेला कॉम्प्युटर. हारुनभाईंनी आधी हात हलवून नको म्हटलं होतं. पण येसूबाई म्हणजे बोट चालवणाऱ्या तांडेलाची, दादूची आई. सत्तरीच्या बाई, वीस वर्षं हारुनभाईंना आपल्या हातानं वाढत आलेल्या. त्या ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी हारुनभाई खाली बसले आणि त्यांनी दोन घास खाल्ले. जेटीवर कोणीतरी म्हणालं, "हारुन जेवला." पाच मिनिटांत ते बंदरभर झालं. चेअरमननी मंडपातून माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही शिसारी येते, कारण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

हे २००८ सालचं. मी त्या संस्थेत कारकून होतो. हारुनभाई बोटींवर वायरलेस बसवायचे. तरुणपणी सहा वर्षं मस्कतला टगवर काढून तिथून हे काम शिकून आले आणि बंदराच्या तोंडाशी एक टपरीवजा दुकान टाकून बसले. माणूस बोलायला कंजूष, कपड्यांना कायम सोल्डरिंगच्या धुराचा वास. त्यांची एक पद्धत होती. कुठलंही यंत्र बसवलं की त्या बोटीच्या पहिल्या फेरीला ते स्वतः समुद्रात जायचे. किनाऱ्यावरचे डोंगर पाण्याखाली जाऊन दिसेनासे होईपर्यंत थांबायचे, यंत्र चालवून बघायचे, आणि चाललं तरच खलाशांबरोबर जेवायला बसायचे. नाही चाललं तर उपाशी परत. बंदरात कोणी यंत्राचा कागद, गॅरंटी असलं काही विचारत नसे. "हारुन जेवला काय?" एवढंच विचारत. जेवला म्हणजे झालं. मग तांडेल त्या यंत्राच्या भरवशावर दहा माणसं घेऊन समुद्रात जायचा.

आणि आमच्या चेअरमनना हे पक्कं ठाऊक होतं.

योजना अशी होती की, दहा बोटींवर इंटरनेट द्यायचं. डोलकाठीवर एरियल, केबिनमध्ये कॉम्प्युटर, त्यात नेटचं कार्ड. तांडेलानं भर समुद्रात हवामान बघावं, मुंबईचा दर बघावा, घरच्यांशी बोलावं. मुंबईच्या साहेबांनी संस्थेच्या हॉलमध्ये पडद्यावर रंगीत ढग फिरवून दाखवले तेव्हा तांडेल लहान मुलांसारखे बघत राहिले होते. अट एकच, जुना वायरलेस संस्थेत जमा केल्याशिवाय नवीन यंत्र मिळणार नाही. पुढं ते जुने दहा संच जमा झाले तेव्हा मीच त्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गोडाऊनला कुलूप लावलं.

अडचण हवामानाची होती. मासेमारीची बंदी पंधरा ऑगस्टला उठायची, त्याआधी समुद्र खवळलेला, बोटी बांधलेल्या. हारुनभाईंनी एरियल चढवले, तारा ओढल्या, जेटीला सगळं चालतंय म्हणाले आणि बाकीचं पहिल्या फेरीला बघू म्हणाले. तांडेल म्हणाले, मग आम्ही पण जुने संच तेव्हाच देऊ. चेअरमन तोपर्यंत थांबायला तयार नव्हते. साहेबांना फोटो हवे होते, पुढच्या पन्नास बोटींचा प्रस्ताव जायचा होता. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि उद्घाटनाला बोटीवर जेवण ठेव म्हणाले, हारुन जेवला पाहिजे. मी येसूबाईंकडे गेलो. हारुनभाई सकाळपासून उपाशी काम करतायत, तुम्ही दिलंत तर खातील, असं सांगितलं. म्हातारीला त्यात काय दिसणार? तिनं चूल पेटवली.

तांडेलांनी संच दुसऱ्या दिवशी आणून दिले ते असे.

तेरा ऑगस्टला जरा उघडीप मिळाली. दादूला इंजिनची ट्रायल घ्यायची होती, जाळी न घेता. हारुनभाई म्हणाले, मी येतो, आणि संस्थेचा माणूस बरोबर पाहिजे म्हणून मलाही ओढलं. मी बंदरात जन्म काढलेला माणूस, पण मला बोट लागते. पाच वाव, म्हणजे तीस फूट खोल पाण्यापर्यंत कॉम्प्युटरवर सिग्नलच्या चार काड्या होत्या. आठ वावांवर दोन. मी एका हातानं केबिनची चौकट धरून दुसऱ्या बाजूला ओकत होतो आणि मध्येच वळून काड्या बघत होतो. बारा वावांवर एकही राहिली नाही. भगवती किल्ल्यावरचा दीपस्तंभ अजून मागे स्वच्छ दिसत होता. बोटी मासे मारतात ते पंचवीस वावांत.

हारुनभाईंनी आरडाओरडा केला नाही. एका खलाशाला वर चढवून एरियलला बांबू जोडून घेतला, तार बदलली, बोट पूर्णगडच्या अंगाला वळवायला सांगितली. तिकडे एकदा अर्धी काडी आली. हवामानाचं पान उघडायला लागलं, वरची निळी पट्टी आली, खाली नकाशाच्या जागी पांढरं, आणि तसंच थिजलं. नेट येतं ते मोबाइलच्या टॉवरवरून, आणि टॉवर गावाकडे तोंड करून उभे असतात. समुद्रात कोण कार्ड विकत घेणार आहे? एवढी साधी गोष्ट त्या मुंबईच्या साहेबाला माहीत नसेल असं मी एक दिवसही मानलेलं नाही.

दादूनं इंजिन बंद केलं. बोट लाटांवर नुसती डुलायला लागली. तो सुकाणू सोडून केबिनच्या दारात आला, पांढरं पान बघितलं आणि हारुनभाईंकडे वळला.

"मग त्या दिवशी जेवलास कनाला?"

येसूबाईंचं नाव घेतलं असतं तर तिथंच सगळं फिटलं असतं. त्याचीच आई, त्याच्याच बोटीवर, आणि तो तेव्हा मंडपात असल्यानं तिचा आग्रह त्याला दिसला नव्हता. मीही चार हातांवर होतो, तोंड पुसत. मला फक्त खरं बोलायचं होतं.

"भूक लागलेली," हारुनभाई म्हणाले.

दादू सुकाणूवर गेला. मी पुन्हा ओकलो, आणि आता पोटात काही उरलं नव्हतं तरी ओकत राहिलो. त्या बोटीवर कोणाला तरी आपली किळस आली पाहिजे असं मला वाटत होतं, पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

जेटीला लागल्यावर हारुनभाई ओल्या कपड्यांनीच चेअरमनकडे गेले. मी मागून. चेअरमननी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. किनाऱ्याजवळ चालतं ना, मग योजना खोटी कशी, असं त्यांनी विचारलं. पुढं म्हणाले, दादूला त्याचा संच गुपचूप देऊन टाकू, तो बोलणार नाही. बाकीचे नऊ जण आपोआप शिकतील, दिवाळीनंतर बघू. हारुनभाई म्हणाले, दिवाळीआधी एखादं वारं सुटलं तर नऊ बोटींना कोण कळवणार? दहाचे दहा संच आज द्या. चेअरमन कपाची बशी पुसत हसले.

"जेवलास तू, हारुन. आम्ही नाय जेवलो. लोकांना काय सांगशील?"

त्या हसण्यावर मला कप फेकून मारावासा वाटला आणि मी बिस्किटाचा पुडा पुढं केला.

बाहेर आल्यावर हारुनभाईंनी मला विचारलं, गोडाऊनची किल्ली कोणाकडे असते. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. चेअरमनकडे, मी म्हणालो. त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं. पातळ टेरिकॉटचा शर्ट होता, आत किल्ली दिसत असणार. मग ते घराकडे निघाले. त्यांची बायको सुरय्याभाभी मला नंतर एकदा म्हणाल्या, त्या रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही आणि विचारलं तरी कारण सांगितलं नाही.

चौदाला सकाळी बंदरात बर्फाच्या गाड्या लागल्या होत्या. दहाही बोटी बर्फ आणि डिझेल भरत होत्या. हारुनभाई एका टोकापासून निघाले. प्रत्येक बोटीवर चढले, तांडेलाला समोर बोलावलं आणि तेच सांगितलं. दुसऱ्या बोटीवर सांगताना मी जेटीवरून ऐकलं.

"मशीन बारा वावांपुढं मरतां. मी जेवलो ती माजी चूक. संस्थेत जावन आपला जुना संच मागून घ्या."

एवढंच. साहेब नाही, चेअरमन नाही, मी नाही.

मला वाटलं होतं, आता तांडेल चेअरमनच्या दारात जाऊन उभे राहतील. कशाचे काय! राग निघाला तो हारुनभाईंवर. एक जण खाली थुंकला. दुसरा म्हणाला, पाच वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या बोटीवर बसवलंस तेव्हा खरा जेवलेलास की तेव्हापण भूक लागलेली? मागचे दोन खलाशी हसले. हारुनभाई उभे राहिले, सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या बोटीवर गेले. माणसं कशी असतात बघा. ज्यानं फसवलं त्याच्याकडे जायला पायात बळ नसतं, ज्यानं येऊन सांगितलं त्याच्यावर तोंड सुटतं. आणि मी त्या माणसांहून बरा नव्हतो. मी सगळ्यांत घाणेरडा होतो.

अकराच्या सुमाराला सगळे तांडेल संस्थेत आले. चेअरमन सकाळीच मुंबईला गेले होते. दहा तांडेल समोर बघून मला किल्ली सापडली. धाडस वगैरे काही नव्हतं, मी घाबरलो होतो. संच ज्याच्या त्याच्या हातात दिले, चिठ्ठ्या काढून टेबलावर चिकटवल्या.

बसवायला हारुनभाईंशिवाय होतं कोण? मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारागिराला दोघा तांडेलांनी फोन केला, तो म्हणाला सोळाच्या आधी जमणार नाही. तेव्हा नाइलाजानं हारुनभाईंनाच बोलावलं. त्यांनी चौदाची दुपार आणि संध्याकाळ काम केलं, पंधराला फटफटताना पुन्हा सुरुवात केली. दादूची बोट शेवटची. मी जेटीवर उभा होतो, कशाला ते माहीत नाही. माफी मागायची होती असं आता म्हणतो.

हारुनभाईंनी शेवटची तार जोडली, स्क्रू आवळले, हत्यारं पेटीत टाकली. सगळ्या बोटी सुटायच्या तयारीत होत्या, इंजिनं धडधडत होती, नारळ फुटत होते. ते केबिनमधून बाहेर येणार, तेवढ्यात दादूनं त्यांना हातानंच थांब म्हटलं. माइक काढला, बटण दाबलं आणि शेजारच्या बोटीला हाक दिली.

"ऐकू येतांय काय?"

येतंय म्हणून उत्तर आलं. दादूनं चॅनल बदलून दुसऱ्या बोटीला विचारलं. तिथूनही आलं. मग तिसऱ्या.

बावीस वर्षांत हारुनभाईंनी बसवलेला संच त्यांच्यादेखत कोणी तपासला नव्हता. ते पेटी हातात धरून दारात उभे राहिले. दादूनं माइक खाली ठेवला, "ठीक हाय," म्हणाला, आणि मगच त्यांना उतरायला वाट दिली.