गबाळ्या पेशी

प्रयोगशाळेत येऊन दोन वर्षं झाली, तरी सगळे तिला ‘नवी’च म्हणत. काम मात्र तिचं लखलखीत. विभागणीच्या ऐन क्षणी थांबवलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची आणि तिची गुणसूत्रं मोजायची. माणसाच्या पेशीत ती शेहेचाळीस.

त्या दिवशीचा नमुना काचसामान धुणाऱ्या काकांच्या नातीचा होता. पोरीला रक्ताचा कर्करोग. औषध सौम्य द्यायचं की जहाल, हे ठरवताना डॉक्टर या मोजणीकडे बघणार होते. नवीनं जीव ओतून मोजलं. प्रत्येक पेशीत शेहेचाळीस. वेगळं काही नाही, असं सांगायला ती बाईंकडे गेली.

बाई म्हणजे विभागप्रमुख. जिभेला धार आणि नजरेला त्याहून जास्त. त्यांनी स्वतः डोळा लावला आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “देखण्या तेवढ्याच निवडल्यास. स्थळं बघायला बसली होतीस का?”

नवीचं तोंड एवढंसं झालं. सगळे मोजणारे हेच करतात. गुणसूत्रं सुटी, ठसठशीत दिसली की काम सोपं. पण देखण्या पेशी निरोगी होत्या. रोगट होत्या त्या गबाळ्या, फुगलेल्या, गुंता झालेल्या, ज्यांना ती ओलांडून गेली होती. आता त्यातलीच एक घेतली. डोळे चुरचुरले, पण मोजली. छप्पन्न. पुढचीतही तेवढीच.

तिनं घाबरून बाईंकडे पाहिलं. एक गुणसूत्र जास्त झालं तरी पेशीचा संसार विस्कटतो, विभागणीत चुकांवर चुका होतात. इथे तर दहा! बाई मात्र हसत होत्या. लहान मुलांच्या या आजारात असा पसारा मांडलेल्या पेशी आपल्याच ओझ्यानं वाकलेल्या असतात, औषधापुढे लवकर हात टेकतात, असं त्यांनी समजावलं. नवीला बाईंचं फार कौतुक वाटलं. एवढं ओझं घेऊन तग धरणाऱ्या त्या वैऱ्याचंही थोडं वाटलं.

डॉक्टरांशी फोनवर बोलून बाईंनी तिलाच काकांकडे पाठवलं.

“जास्त निघाली म्हणजे वाईट ना?” काकांनी विचारलं.

“एरवी वाईट, काका. या आजारात चांगलं. सौम्य औषधानंही बरी होण्याची आशा मोठी आहे.”

“किती जास्त?”

“दहा.”

काकांनी हातातली काचेची नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “पुन्हा एकदा बघ ना, पोरी. अजून एखाद-दुसरं सापडतंय का.”