डावीकडचं पातेलं

"मावशी, फिटरकाकांना आजपासून उजवीकडचं वाढा," नर्सताई दारातूनच म्हणाली. "काल परत ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची पाळी आली. डॉक्टर म्हणाले, मऊच द्या. कणी बंद."

मावशींचा ढवळता हात थांबला. "काकांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, उपाशी राहीन."

"मग राहतील. नऊ वर्षं ओळखते मी त्या माणसाला. राहतीलच."

वृद्धाश्रमाच्या त्या स्वयंपाकघरात रोज सकाळी दोन पातेली चढत. डावीकडच्यात कापलेले ओट्स, म्हणजे दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेली कणी. ती आदल्या संध्याकाळी भिजवायची, सकाळी मंद आचेवर पाऊण तास शिजवायची आणि एवढं करूनही दाताखाली तिचा कण लागायला हवा. उजवीकडच्यात चपटे ओट्स, यंत्रात दाबून पातळ केलेले. दहा मिनिटांत मऊ, जिभेनं टाळूला लावले की खाली. "चपटे काय, कुणीही करील. पाणी उकळता आलं की झालं," असं मावशी म्हणत. कणीची गोष्ट वेगळी. बावीस वर्षांत ती एकदाही तळाला लागली नव्हती, एकदाही तिचा गिचका झाला नव्हता. मावशींना शाळा चौथीच्या पुढे माहीत नव्हती, पण या पातेल्यापुढे त्या कुणाचं ऐकून घेत नसत.

पातेली दोन, म्हणून रांगाही दोन. डावी दातवाल्यांची, उजवी बिनदातांची. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाठ सगळ्यांना होता. डावीतून उजवीत गेलेलं माणूस पुन्हा डावीत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

फिटरकाकांनी कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रं जुळवली होती. इथे आल्यावर एकेक गोष्ट सुटत गेली. आधी जिना सुटला, मग एकट्यानं फाटकाबाहेर जाणं, मग हातातला वस्तरा. डावी रांग तेवढी उरली होती. तिथे ते सगळ्यांत पुढे उभे राहत, ओळंबा सोडावा तसे सरळ.

त्या सकाळीही ते तिथेच आले. मावशींनी डाव उचलला नाही.

"काका, आज उजवीकडचं घ्या ना."

"वाढायचं नसेल तर नको वाढूस." काकांनी रिकामी वाटी टेबलावर पालथी घातली आणि सगळ्यांचं होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभरात दोन कप चहा, बस.

तिसऱ्या दिवशी मावशींनी नर्सताईला बाजूला घेतलं. "त्यांच्या पोटात मऊच जाईल. कसं, ते माझ्यावर सोड."

एकट्या काकांची वाटी बदलून भागणार नव्हतं. वाढताना त्यांची नजर डावावर घारीसारखी असायची. बदलायचं तर अख्खं पातेलंच बदलायला हवं होतं. मावशींनी चपटे ओट्स कोरडे भाजले, हातानं चुरले, भरपूर पाण्यात मऊसूत शिजवले आणि डावीकडे चढवले. आपल्याच पाळण्यात परक्याचं मूल निजवावं तसं त्यांना झालं.

काकांनी वाटी पुढे केली. खाल्लं. ठसका नाही. बोललेही नाहीत.

बोलल्या त्या टपालकाकू. जन्मभर पोस्टात पत्रं तोलल्यामुळे त्यांना सगळंच तोलायची सवय. "मावशी, हे काय गं? कणी आहे का खळ?"

"हात चुकला."

"तुझा? अगं बाई! म्हणजे तूही आमच्यातली झालीस की. खाट सांगून ठेवू का तुझी?"

सगळी रांग हसली. मावशीही हसल्या, पण पातेलं घासताना त्यांनी ते जरा जास्तच घासलं. तीन दिवसांत बातमी ऑफिसात गेली. मॅनेजरबाई हळूच विचारून गेल्या, "झेपत नसेल तर सांगा हं, मदतीला कुणी देते." मावशी म्हणाल्या, "पोतंच तसलं आलंय."

सहाव्या दिवशी टपालकाकू म्हणाल्या, "पुरे झालं बाई. बंद कर हे डावं पातेलं. तुझ्यानं होत नाही आता."

त्या दिवशी सगळे उठल्यावर फिटरकाका स्वयंपाकघरात आले. बोटाच्या टोकावर ओटचा एक तुकडा होता.

"हे बघ. वरून सपाट, खालून सपाट. कणीला धार असते. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

मावशींनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. "मग बोलला का नाहीत?"

"भूक लागली होती." काकांनी बोट पँटला पुसलं. "आणि कुणी आपल्यासाठी एवढी खटपट करतंय, ती मोडायची कशी? पण ती टपालवाली आज जे बोलली ना, ते मला नाही चाललं. माझ्या हातचा एक नट कधी तिरका बसला नाही. कुणी तसं म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं."

"मी घेतलं, काका. काही झिजले नाही."

"झिजलीस. मला दिसतं." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "आज कणी भिजव."

दुसऱ्या दिवशी पहिला घास खाताच टपालकाकू ओरडल्या, "आली गं, आली! मावशीचा हात आला!" डावीकडे डावावर डाव रिकामे होत होते.

मावशींचं लक्ष नव्हतं. फिटरकाका उजव्या रांगेत उभे होते. सगळ्यांत पुढे, ओळंब्यासारखे. त्यांनी वाटी धरली आणि वास घेतला.

"भाजलेत?"

"भाजलेत," मावशी म्हणाल्या. "आता इथेही रोज भाजणार."

"हं. मग हे कुणीही करील असं म्हणू नकोस."

मावशींनी डाव तळापर्यंत घातला आणि वाटी काठोकाठ भरली. काकांच्या मागे काठ्या होत्या, वॉकर होते, वाकलेले खांदे होते. बावीस वर्षांत ती रांग मावशींनी एवढी सरळ कधी पाहिली नव्हती.