वटवाघूळ, जंतू अन् चंद्रभानकाकाचं सोनं

भातकुलीच्या गोपालनं दसऱ्याच्या आठ दिवस आधी आपल्या जामाच्या, म्हन्जे पेरूच्या, बागेतल्या जाळीत फसलेलं वटवाघूळ सोडवलं. हाताले जाड पोतं गुंडाळून, एकेक धागा कापून. शेजाऱ्यानं त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला अन् झालं! टीव्हीवर वटवाघळाच्या तापाची बातमी चालूच होती. गोपाल दवाखान्यात दाखवून आला, अंगावर ओरखडाबी नव्हता, पन त्याच्या हातचा चहा कोनी घेईना. माय करिश्माच्या, म्हन्जे बहिनीच्या, बाळंतपनाले अकोल्याले गेलेली. घरात तो एकटाच.

दसऱ्याले आपट्याचं पान, आपलं सोनं, हातातच द्या लागते. गोपाल संध्याकाळपासून ओट्यावर बसून होता. लोक आले, "सोन्यासारखा राह्य" म्हन्ले, अन् पान ओट्याच्या काठावर ठेवून गेले. सतरा पानं झाली. हातात एकबी नाई.

मंग चंद्रभानकाका आला, बापाचा जुना दोस्त. त्यानं पान घेऊन सरळ हात पुढं केला. गोपालले इतकं बरं वाटलं, का तोंडच सुटलं.

"काका, लोक उगाच भेतेत. वटवाघूळ कदीमदी जवळ येते अन् उडून जाते. आपल्या कातडीवरचा जंतू पाहा, स्टॅफ एपिडर्मिडिस. त्याले ना पंख, ना पाय. तो जातच नाई. हात मिळवला का इकडून तिकडं. तुमच्या या हातावर लाखो असतीन!"

"माह्या हातावर?"

"हो, आताबी!"

काकानं हात मागं घेतला, धोतराले पुसला. "काऊन रे बाप्पा, सनासुदीले असं बोलतं? आंघोळ करून आलो ना मी."

"तसं नाई काका, ते चांगले जंतू..."

"असतीन." पान काठावर ठेवून काका निंगून गेला. अठरा.

गोपालले सोताचाच राग आला. फोनवर वाचलेलं सारं बरोबर होतं, पन सांगाची हौस नडली. तिकडं वडावरून वटवाघळं निंगाली. दिवसभर अंगाले अंग लावून लटकतेत लेकाचे. त्याले हेवा वाटला.

फाटक वाजलं. काकाच. कोपरापासून पानी गळून राहिलं होतं. त्यानं काठावरचं आपलं पान उचललं.

"घे. साबन लावून हात धुतले, दोनदा. आता नाई राहिला तुहा तो जंतू."

साबनानं तो पुरा जात नाई, हे गोपालले पाठ होतं.

"नाई राहिला काका," तो म्हनला अन् हात पुढं केला.